सही करताय? थोडं थांबा!

‘‘अगं, इथं एक सही कर. नुसती नावाला आहे. हप्ते मीच भरणार!’’

सकाळची घाई, कुकरच्या शिट्ट्या आणि बाहेर कर्जाचे कागद घेऊन खोळंबलेला माणूस. ओले हात पदराला पुसून आपण सही करून मोकळ्या होतो. महिन्याभरात दारात गाडी येते. हळदकुंकू लावून, नारळ फोडून आपण ती केडगावच्या रेणुकामातेच्या दर्शनाला नेतो. कागदावर काय लिहिलं होतं, ते मात्र आठवत नाही.

मैत्रिणींनो, ते आठवायलाच हवं. केवळ लग्न झालं म्हणून नवऱ्याचं कर्ज बायकोच्या डोक्यावर येत नाही. ते येतं आपल्या सहीमुळे.

ही सही दोन प्रकारची असते. ‘सहकर्जदार’ म्हणून केलीत, तर कर्ज पहिल्या दिवसापासून तुमचंही. ‘जामीनदार’ म्हणून केलीत, तर यजमानांनी हप्ते थकवले की तुमची पाळी. ‘‘आधी त्यांच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या,’’ असं म्हणता येईल, ही समजूत चुकीची आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सर्वोच्च न्यायालयानंही १९६८ साली बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात हेच ठरवलं.

‘‘मग गाडी ओढून नेतील, आणखी काय?’’ असंही वाटतं. समजा, ४ लाख बाकी आहेत आणि गाडी लिलावात अडीच लाखांना गेली. उरलेले दीड लाख, वरचं व्याज आणि खर्च कुणी भरायचा? तुम्हीसुद्धा! गाडीच्या आरसी बुकावर नाव एकट्या यजमानांचं असलं तरी.

आपल्या नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पतसंस्थेचं कर्ज घरोघरी ओळखीचं. पतसंस्थेला दिवाणी दावा लावत बसावं लागत नाही. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातल्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळाला, की तुमच्या नावचा प्लॉट किंवा बँकेतली ठेव जप्तीच्या कक्षेत येते. दिवाणी कोर्टाच्या जप्तीत कलम ६० नुसार जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने वगळलेले आहेत. म्हणजे मंगळसूत्र वाचेल. पाटल्या-बांगड्यांची खात्री कोण देणार?

हप्ते थकले तर ती नोंद तुमच्याही सिबिलमध्ये होते. उद्या शिलाई यंत्रासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात, की ती आड येते. आणि दुर्दैवानं संसार मोडलाच, तरी घटस्फोटानं सही पुसली जात नाही. नवरा-बायकोतली तडजोड बँकेवर बंधनकारक नसते.

मग सही करायचीच नाही का? करावी, पण डोळे उघडे ठेवून. आपण जामीनदार की सहकर्जदार, ते आधी विचारा. कोऱ्या फॉर्मवर, कोऱ्या चेकवर सही नको. तुमचा चेक वटला नाही तर कलम १३८ खाली तुमच्यावरच फौजदारी खटला होऊ शकतो. कराराची प्रत मागून घ्या आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवा. हप्त्याचा संदेश आपल्याही मोबाइलवर येईल असं बघा. वर्षातून एकदा सिबिलचा अहवाल फुकट मिळतो, तो काढा. हप्ता तुमच्या पगारातून जाणार असेल, तर गाडी तुमच्या नावावर घेण्याचा आग्रह धरा. कर्ज फिटलं की बँकेचा ना-हरकत दाखला घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवून घ्या.

जामीनदार म्हणून पैसे भरावेच लागले, तर पावत्या जपा. कलम १४५ नुसार ती रक्कम यजमानांकडून मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.

‘‘इतकं विचारलं तर ह्यांना काय वाटेल?’’ ही आपली खरी अडचण. पण भाजी घेताना आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, मग चार लाखांच्या कागदासाठी अर्धा तास मागितला तर काय बिघडलं? भीड ही भिकेची बहीण, हे जुन्या बायका उगीच म्हणत नव्हत्या. गॅस बंद करा, चष्मा लावा, कागद वाचा. मगच सही!