पुराच्या छावणीत एका मोबाईलवर दहा जणांचं नेट. हॉटस्पॉट असा वापरा

कोल्हापूर : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्या वर. दोन्ही वेळा शिरोळ, करवीर, हातकणंगले भागातली गावंच्या गावं शाळा-मंगल कार्यालयांतल्या छावण्यांत आली. जनावरं, कागदपत्रं, मोबाईल सगळं सोबत, पण वीज नाही आणि रेंज येते-जाते.

लाईट गेली की टॉवर बॅटरीवर आणि डिझेल जनरेटरवर चालतो. रस्ता पाण्यात गेला की डिझेल पोचत नाही आणि एकेका कंपनीची रेंज जाते. अशा वेळी छावणीत ज्याच्या सिमला रेंज आहे, त्याने हॉटस्पॉट चालू केला तर बाकीच्यांचं काम भागतं.

हा फोन रेंज मिळेल तिथं, खिडकीत किंवा व्हरांड्यात ठेवावा. हॉटस्पॉट एका वर्गखोलीपुरता नीट पोचतो. मध्ये जाड भिंत आली की कमी होतो. जुन्या फोनला नाव दिसत नसेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 5 गिगाहर्ट्झ ऐवजी 2.4 निवडावं. फोनप्रमाणे जोडणीची मर्यादा असते, बऱ्याच फोनवर आठ-दहाच. पासवर्ड ठेवायचाच, आणि आपल्याच माणसांना द्यायचा. तुमच्या नेटवरून कुणी काही उद्योग केला तर पहिली विचारणा तुमच्याकडेच होणार.

खरी अडचण बॅटरीची. हॉटस्पॉट देणारा फोन भराभर उतरतो, म्हणून पॉवर बँक पहिली त्याला. घेणाऱ्यांनी मात्र एक करावं : एअरप्लेन मोड लावून वर फक्त वायफाय चालू करावं. रेंज शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते, व्हॉट्सअॅपचे मेसेज आणि कॉल येत राहतात. साधा फोन आणि ओटीपी मात्र येईलच असं नाही, तेव्हा अधूनमधून मोड काढून बघावं. चौवीस तास हॉटस्पॉट चालू ठेवण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ ठरावीक अर्धा तास ठेवला तरी निरोपानिरोपी होते.

डेटा संपतो तो मेसेजने नव्हे. व्हॉट्सअॅपमधलं फोटो-व्हिडिओचं आपोआप डाऊनलोड आणि प्ले स्टोअरचं आपोआप अपडेट बंद करा. फोनला हॉटस्पॉट हे घरचं वायफायच वाटतं आणि तो बिनधास्त अपडेट ओढत बसतो. त्या वायफायला सेटिंगमध्ये 'मीटर्ड' केलं की हे बरंचसं थांबतं. पोरांची रील्स पाणी उतरल्यावर.

नेट अजिबात नसेल तर 112 साध्या कॉलवर लागतो. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो जाऊ शकतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर 1077. दोन्ही नंबर वहीच्या कागदावर लिहून शाळेच्या दारावर चिकटवून ठेवावेत. मोबाईल बंद पडला तरी कागद वाचता येतो.