मोटारीचा चोक

मोटारीच्या इंजिनास पेट्रोलाइतकीच हवेचीही गरज असते, हे आता सर्वांस ठाऊक आहे. असे असता, पहाटेच्या गारठ्यात काही केल्या सुरू न होणाऱ्या इंजिनाची हवाच कोंडावी आणि त्याबरोबर ते धडधडू लागावे, हा प्रकार प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. जुन्या मोटारींत चालकासमोरील फळीवर एक लहानशी मूठ असे. ती ओढली म्हणजे हेच घडून येई. त्या मुठीस चोक म्हणत. चोक या इंग्रजी शब्दाचा अर्थ गळा आवळणे. आणि इंग्लंडात तर याच साधनास पूर्वी ‘स्ट्रँगलर’, म्हणजे गळा दाबणारा, असे त्याहूनही भयंकर नाव होते. गळा आवळल्याने इंजिनास प्राण कसा येतो, हे येथे पाहावयाचे आहे.

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो. परंतु द्रवरूप पेट्रोल जळत नसून त्याची वाफ जळते. शिवाय ती वाफ हवेशी ठराविक प्रमाणात मिसळली पाहिजे. वजनाने १ भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण होय. हवा याहून फारच अधिक झाली, तर ठिणगी पडूनही मिश्रण पेट घेत नाही. हे मिश्रण तयार करणारे साधन म्हणजे कार्ब्युरेटर. फवारा उडविणारा कार्ब्युरेटर जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने १८९३ साली तयार केला, आणि पुढील सुमारे शंभर वर्षे जगातील मोटारी बहुतांशी त्याच तत्त्वावर धावल्या. दट्ट्या खाली गेला की नळकांड्यात पोकळी उत्पन्न होते व ती भरून काढण्यास बाहेरील हवा कार्ब्युरेटरच्या नळीतून आत शिरते. नळी मध्यभागी अरुंद केलेली असते. तेथे हवेचा वेग वाढून तिचा दाब घटतो, आणि बारीक तोटीतून पेट्रोल वर खेचले जाऊन त्याचा फवारा हवेत मिसळतो.

इंजिन तापलेले असले म्हणजे हे सर्व सुरळीत चालते. ते थंड असताना मात्र दोन अडचणी येतात. पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे. त्यात अनेक द्रव मिसळलेले असतात. त्यांतील काही ४० अंश सेंटिग्रेडच्या आसपास उकळतात, तर काहींस २०० अंशांपर्यंत उष्णता लागते. गारठ्यात केवळ हलक्या भागाचीच वाफ होते. उरलेले पेट्रोल थेंबांच्या रूपाने राहते. भात शिजताना झाकणाच्या आतल्या बाजूस जसे पाणी जमते, तसे ते थंडगार नळ्यांच्या भिंतींस चिकटून बसते. दुसरी अडचण अशी की, इंजिन सुरू करताना ते अगदी सावकाश फिरत असते. हवेचा वेग कमी, म्हणून खेच कमी, म्हणून पेट्रोलही कमी. याप्रमाणे तोटीतून निघावयाचेच थोडे, आणि निघेल त्यातलेही बरेचसे वाटेत अडकावयाचे. नळकांड्यापर्यंत पोहोचते ती बहुतेक नुसती हवा.

यावर तोड म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक गोल तबकडी बसविलेली असते. मूठ ओढली म्हणजे तारेच्या योगाने ही तबकडी फिरून हवेची वाट जवळजवळ बंद करते. दट्ट्यांची खेच तर चालूच असते. हवा मिळत नाही असे झाल्यावर तिचा सारा जोर पेट्रोलाच्या तोटीवर पडतो आणि पेट्रोल भळभळा वर येते. त्यातील थोड्याच भागाची वाफ होते हे खरे, परंतु एकंदर पेट्रोलच इतके की तो थोडा भागही ठिणगीने पेटण्यास पुरेसा होतो. म्हणजे चोकने इंजिनाचा श्वास कोंडावयाचा नसतो, तर पेट्रोल व हवा यांचे बिघडलेले प्रमाण सुधारावयाचे असते. अनेक कार्ब्युरेटरांत तबकडीचा आस बरोबर मध्यावर न ठेवता किंचित बाजूस ठेवीत, जेणेकरून इंजिन पेटताच आत धावणाऱ्या हवेच्या जोराने तबकडी आपोआप थोडी उघडावी. ही युक्ती फार समर्पक वाटते.

सर्वच गाड्यांत तबकडी असे, असे मात्र नाही. १९४८ साली निघालेल्या मॉरिस मायनर गाडीच्या एस. यू. कार्ब्युरेटरात मूठ ओढली असता पेट्रोलाची तोटीच खाली सरके, व तिच्यात उतरलेल्या निमुळत्या सुईभोवतीची फट रुंदावून अधिक पेट्रोल बाहेर पडे. येथे हवा मुळीच कोंडली जात नसे. तरी लोक त्यासही चोकच म्हणत. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीत (१९०८ ते १९२७) चोकच्या तारेचे कडे गाडीच्या पुढच्या तोंडाशीही काढलेले असे. त्याचे कारण उघड आहे: हँडल मारणारा मनुष्य तेथेच उभा असावयाचा. एका हाताने हँडल फिरवावे आणि दुसऱ्याने तार ओढावी, अशी ती कसरत होती.

चोक ओढणे कोणासही जमते. तो परत केव्हा सारावा, हे समजण्यातच चालकाचे कसब असे. इंजिन तापू लागले की भिंतींवरील पेट्रोलाची वाफ होऊ लागते आणि मिश्रण गरजेपेक्षा दाट होते. मग इंजिनाचा आवाज जड येतो, ते अडखळते, मागील नळीतून काळा धूर निघतो. जाणता चालक आवाजावरून हे ओळखून मूठ थोडथोडी आत सारी आणि मैल-दोन मैलांत ती पुरी बंद करी. निष्काळजी मनुष्य ती तशीच विसरे. त्याचे पेट्रोल फुकट जाई, पण ती हानी त्यातल्या त्यात हलकी. न जळलेले पेट्रोल नळकांड्याच्या भिंतीवरील तेलाचा पातळ थर धुऊन काढते. कोरड्या भिंतीवर दट्ट्याची कडी घासली जाऊन झिजतात. आणि तेच पेट्रोल खालच्या कुंडात उतरून सर्व इंजिनाचे तेल पातळ करते. प्लगांवर काजळी धरते ती निराळीच. आणखी एक धोका इंजिनापेक्षा माणसास अधिक. दाट मिश्रणाच्या अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पुष्कळ निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. बंद खोलीत चोक ओढून गाडी तापवीत ठेवणे म्हणजे प्राणाशी खेळ होय.

हा विसरभोळेपणा टाळण्यासाठी अमेरिकेत १९३०च्या दशकापासूनच स्वयंचलित चोक येऊ लागला. त्यात दोन धातूंची जोडपट्टी गुंडाळलेली असते; उष्णतेने ती उलगडते व तबकडी उघडते. आपल्याकडे अँबॅसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांनी हाताचा चोक दीर्घकाळ सांभाळला. मुंबईच्या उबदार हवेत टॅक्सीवाल्यास त्याची गरज क्षणभरच लागे. नाशिक-पुण्याकडील थंडीत मात्र मूठ बरीच बाहेर ओढावी लागे. पद्मिनीची अखेरची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून निघाली. मोटारींतून कार्ब्युरेटर त्यापूर्वीच, २००० च्या सुमारास कडक झालेल्या धूरविषयक नियमांमुळे, हद्दपार होऊ लागला होता. दुचाकींतून तो बहुतांशी १ एप्रिल २०२० च्या नियमांनंतर गेला. हल्लीच्या गाडीत इंजिनातील पाण्याची उष्णता मोजून एक लहानसा संगणक जादा पेट्रोल किती सोडावयाचे ते ठरवितो.

ज्यांच्या घरी अद्याप जुनी गाडी असेल, त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना. इंजिन गरम असताना कोणी चुकून चोक ओढला, तर आत पेट्रोलाचा पूर येतो आणि प्लग भिजून ठिणगी पडत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा चोक ओढल्याने काम बिघडतच जाते. मूठ पूर्ण आत सारावी, काही मिनिटे थांबावे, मग अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरावा आणि स्टार्टर फिरवावा. याने भरपूर हवा आत जाऊन जादा पेट्रोल वाहून जाते. इंजिन दोन-चार ठसके देते, काळ्या धुराचा एक लोट मागे सोडते आणि बहुधा सुरू होते.