रमेशचा 'श्रमेश' कसा झाला : जुन्या कॉम्प्युटरातलं दप्तर नव्यात आणताना



गेले काही दिवस ऑफिसात येणारा प्रत्येक जण एकच विचारतोय, "सेक्रेटरी, आमच्या नावाचं हे काय करून ठेवलंय?" बोर्डावर लावलेल्या कच्च्या यादीत रमेशचा 'श्रमेश' झाला, सूर्यकांतचा 'सूऱ्यकांत' झाला आणि 'दर्यासागर' बोटीची 'दऱ्यासागर' झाली. डोंगरदऱ्यांत आपली बोट कधी गेली होती का, म्हणून मंडळी हसली. मीही हसलो. पण याच यादीवरून डिझेलच्या मूल्यवर्धित कराच्या परताव्याचा प्रस्ताव मत्स्यव्यवसाय खात्याकडे जातो. बोटीचं नाव नोंदणी दाखल्याशी जुळलं नाही किंवा खाते क्रमांक चुकला, तर पैसे अडकतात. म्हणून नक्की काय बिघडलं ते सविस्तर लिहितो. घरच्या कॉम्प्युटरवर बोटीचा हिशोब ठेवणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

आपला जुना कॉम्प्युटर विंडोज ७ चा, त्यात २००३ चं ऑफिस. विंडोज ७ ला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणं १४ जानेवारी २०२० ला बंद झालं. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे नवीन मशीन घेतलं ते विंडोज ११ चं. बोटी बंदीमुळे वर ओढलेल्या, ऑफिसात गर्दी कमी, तेव्हा हे काम उरकून टाकू असं ठरलं. दुकानदार म्हणाला, "जुना डबा द्या, किमतीत कमी करतो." मी देणारच होतो. आमच्या चेअरमनसाहेबांनी हात धरला. निसर्ग वादळात, ३ जून २०२०ला, ऑफिसचे पत्रे उडाले तेव्हा सभासद रजिस्टरची बरीच पानं भिजून एकमेकांना चिकटली. त्या पानांवरच्या वारसांच्या नोंदी आज फक्त त्या जुन्या डब्यात आहेत. डबा गेला असता तर त्या नोंदीही गेल्या असत्या.

आता मूळ मुद्दा. लोक म्हणतात 'जुनं ऑफिस नव्या विंडोजवर चालत नाही', पण यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत : प्रोग्राम, फाइल आणि फॉन्ट. बोट बदलली तरी जाळं तेच राहतं, फक्त नव्या विंचवर ते बसतंय का बघावं लागतं. तसंच हे.

प्रोग्रामचं आधी. विंडोज ११ फक्त ६४ बिटचंच येतं. ३२ बिटचे जुने प्रोग्राम त्यावर बहुतेक चालतात. प्रोग्राम रुसला तर त्याच्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाबा, प्रॉपर्टीज, मग कॉम्पॅटिबिलिटी, तिथं विंडोज ७ निवडून बघा. पण १६ बिटचे, म्हणजे विंडोज ९५ च्या आधीचे आणि डॉसवरचे प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर चालतच नाहीत, कितीही बटणं दाबा. पूर्वी बऱ्याच सोसायट्यांचे हिशोब डॉसवरच्या प्रोग्रामात असायचे. तशांना डॉसबॉक्ससारखा फुकट मिळणारा प्रोग्राम लागतो, जो नव्या मशीनच्या पोटात जुनं मशीन उभं करतो. जुन्या प्रिंटरचंही तेच : त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर नसेल तर छपाई नाही. आपला डॉट मॅट्रिक्स त्यामुळेच कोपऱ्यात बसलाय.

जुनं ऑफिस चालत असेल तरी त्यावर रोजचं काम करू नये, कारण २००३ च्या ऑफिसला ८ एप्रिल २०१४ पासून दुरुस्त्या नाहीत. बाहेरून आलेली फाइल त्यात उघडणं म्हणजे फुटक्या फळीची होडी पाण्यात लोटण्यासारखं. फुकट ऑफिस देणाऱ्या अनोळखी वेबसाइटवरून तर काहीच घेऊ नका. लिब्रेऑफिस हा प्रोग्राम कायदेशीररीत्या फुकट आहे आणि जुन्या वर्ड-एक्सेलच्या फाइली तो चांगल्या उघडतो.

फाइलचं म्हणाल तर २००७ पासून वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींचा साचा बदलला. नवं ऑफिस जुना साचा वाचतं, मात्र फार जुनी फाइल असेल तर अडवून धरतं. व्हॉट्सअॅपवरून किंवा मेलवरून आलेली फाइल उघडली की वर पिवळी पट्टी येते. ती बिघाड नाही, पाठवणारा ओळखीचा असेल तर 'एनेबल एडिटिंग' दाबायचं. आपल्या वाटणीच्या तक्त्यात मॅक्रो आहेत, म्हणजे बटण दाबलं की खलाशांचे वाटे, उचल, बर्फ, डिझेल सगळं वजा होऊन हिशोब निघतो. २०२२ पासून नेटवरून आलेल्या फाइलीतले मॅक्रो नवं ऑफिस बंदच ठेवतं आणि लाल पट्टी दाखवतं. आपलीच फाइल आहे ही खात्री असेल तर फाइल बंद करून तिच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' ला टिक करायची. दुसऱ्याच्या फाइलीला हे करू नका. आणखी एक, अॅक्सेस ९७ ची फाइल अॅक्सेस २०१३ पासून पुढे उघडत नाही. आधी ती २००३, २००७ किंवा २०१० च्या अॅक्सेसमध्ये उघडून नव्या साच्यात बदलावी लागते. जुनं मशीन ठेवायचं ते यासाठीही.

खरा घोळ झाला तो फॉन्टचा. पूर्वी कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलरची श्रीलिपी, शिवाय कृतीदेव, अशा फॉन्टांवर सगळं चालायचं. यात युक्ती अशी की फाइलीत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. कृतीदेवमध्ये 'राम' लिहिलं की पोटात जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो आणि अगम्य इंग्रजी दिसतं. आम्ही पहिल्या दिवशी तेच बघून घाबरलो. उपाय सोपा : जुन्या मशीनच्या विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समधून आपल्या फॉन्टची फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची, नव्या मशीनवर उजवं बटण दाबून 'इन्स्टॉल'. वाचायला लागलं!

पण मग काही नवे सभासद आम्ही त्याच फॉन्टमध्ये वर्डच्या तक्त्यात टाइप केले. वर्डला वाटतं हे इंग्रजी आहे, म्हणून रकान्यातलं पहिलं अक्षर तो आपणहून कॅपिटल करतो. कृतीदेवमध्ये लहान जे म्हणजे 'र', मोठा जे म्हणजे 'श्र'. झाला रमेशचा श्रमेश. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स इथं जाऊन कॅपिटल करण्याच्या सगळ्या टिका काढल्या तेव्हा थांबलं.

कायमचा मार्ग म्हणजे युनिकोड. तुम्ही मोबाइलवर मराठी लिहिता ते युनिकोडच असतं. त्यात 'र' हा 'र' म्हणूनच साठतो, त्यामुळे कुठल्याही मशीनवर दिसतो, नाव शोधता येतं, यादी अकारविल्हे लावता येते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. पण विंडोज एक्सपीपर्यंत त्यासाठी वेगळी सोय बसवावी लागायची, म्हणून आपण जुन्यालाच चिकटून राहिलो. आता सेटिंग्जमध्ये भाषा मराठी जोडली की कीबोर्ड मिळतो. इंग्रजी स्पेलिंगनं लिहिणाऱ्यांसाठी 'मराठी फोनेटिक' सुद्धा आहे.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्राम मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. बरेचसे हिंदीसाठी बनवलेले, आणि हिंदीत आपला 'ऱ्य' नाही. त्यानं पत्त्याच्या रकान्यातलं 'किनाऱ्यावर' सगळीकडे 'किनार्यावर' केलं. मी शहाणपणानं एका फटक्यात सगळे 'र्य' शोधून 'ऱ्य' केले. सूर्यकांत आणि दर्यासागर त्यात सापडले. चूक प्रोग्रामची अर्धी, माझी अर्धी. पहिली वेलांटीही जोडाक्षरापाशी जागा चुकते, ती एकेक बघावी लागते.

नाव चुकलं तर निदान दिसतं. खाते क्रमांक चुकला तर दिसत नाही, म्हणून हे नीट वाचा. एक्सेल आकडा म्हणून १५ अंकच धरतं. १६ अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून घेतला तर शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीला शून्य असेल तर ते गळतं. यादी एका मशीनवरून दुसऱ्यावर स्वल्पविरामवाल्या साध्या फाइलीतून आणताना आमचं हेच झालं. रकाना रुंद करून किंवा मागाहून 'टेक्स्ट' करून गेलेला अंक परत येत नाही. आधी रकाना टेक्स्ट करायचा, मग क्रमांक घालायचा. आम्ही जुन्या मशीनवरच्या मूळ यादीवरून सगळे क्रमांक पुन्हा घेतलेत. एक जण जुन्यावरून वाचतो, दुसरा नव्यावर टिक करतो. वेळ खातं, पण दुसरा भरवशाचा मार्ग मला सापडला नाही.

जुना डबा आता नेटपासून तोडून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलाय. सगळ्या फाइलींच्या दोन प्रती काढल्यात : एक ऑफिसातल्या पेन ड्राइव्हवर, एक चेअरमनसाहेबांच्या घरी. वारस नोंदींची कागदावर छपाईसुद्धा केली आहे.

दुरुस्त यादी सोमवारी बोर्डावर लागेल. बोटमालकांनी नोंदणी दाखला आणि बँकेचं पासबुक घेऊन यावं, बोटीचं नाव, आयएनडी-एमएचनं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि खाते क्रमांक स्वतः ताडून सही करावी. घरातला मूळ सभासद वारला असेल तर वारसाची नोंदही त्याच वेळी बघून घ्या. नाखवा बाहेर असेल तर घरच्या बाईनं आलं तरी चालेल, किंबहुना पासबुकं त्यांच्याकडेच असतात. ऑफिस सकाळी दहा ते एक उघडं आहे. प्रस्ताव पाठवायच्या आधी हे व्हायला हवं.

आपला,
सेक्रेटरी