पंच नसलेल्या कोर्टावर

हौशी टेनिस खेळणाऱ्यांची एक तक्रार कुठल्याही क्लबात ऐकू येते: सरावात बसतो तो फटका मॅचमध्ये बसत नाही. मार्करबरोबर, म्हणजे क्लबातल्या सराव देणाऱ्या खेळाडूबरोबर, खेळताना फोरहँड सुरेख लागत असतो. स्कोअर चार-चार झाला की तोच हात आखडतो. मग नवी रॅकेट येते, गटिंग बदललं जातं, व्हिडिओ बघून पकड बदलून पाहिली जाते. पण फटक्यात बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. बिघडतं ते दोन पॉइंटांच्या मधल्या वेळात.

हा मधला वेळ टेनिसमध्ये फार मोठा असतो. तासाभराच्या मॅचमध्ये चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. बाकीचा वेळ चेंडू गोळा करण्यात, जागेवर परतण्यात आणि सर्व्हिसच्या तयारीत जातो. नियमाप्रमाणे दोन पॉइंटांमध्ये २५ सेकंद मिळतात, बाजू बदलताना ९०. जिम लेअर या अमेरिकी क्रीडामानसशास्त्रज्ञाने अव्वल खेळाडूंच्या याच सेकंदांचा अभ्यास केला. पॉइंट संपला की हे खेळाडू नेटकडे पाठ करतात, खांदे सरळ ठेवून चालतात, नजर प्रेक्षकांत न भटकवता रॅकेटच्या तारांवर ठेवतात, श्वास सावकाश सोडतात, आणि ठरलेल्या पद्धतीने चेंडू आपटून पुढचा पॉइंट सुरू करतात. पॉइंट जिंकला असो वा हरला, क्रम तोच. हौशी खेळाडू या वेळात काय करतो? स्वतःला रागावतो. आणि रागावलेल्या मनाने, धाप लागलेली असतानाच घाईने सर्व्हिस करतो.

आणखी एक ओझं फक्त हौशी खेळाडूच्याच वाट्याला येतं. व्यावसायिक खेळाडूला न्यायनिवाडा करावा लागत नाही. विम्बल्डनने २०२५ पासून लाइनवरचे पंचसुद्धा काढून ते काम यंत्रांकडे दिलं. आपल्या कोर्टावर मात्र नेटच्या आपल्या बाजूचा प्रत्येक चेंडू आत की बाहेर हे आपणच पुकारायचं. नियम स्वच्छ आहे: बाहेर पडलेला स्पष्ट दिसला तरच आउट, शंका असेल तर चेंडू आत. म्हणजे पॉइंट हवाहवासा वाटत असताना, पळता पळता, निकाल स्वतःच्या विरुद्ध द्यायचा. इतका कठीण प्रामाणिकपणा फार थोडे खेळ रोजच्या रोज मागतात. मला टेनिसचं सगळ्यांत मोठं मोल इथेच दिसतं.

कोर्टावरची बहुतेक भांडणंही इथेच सुरू होतात. आपला चेंडू लाइनला लागलेला आपण पाहिलेला असतो आणि पलीकडून आवाज येतो, 'आउट!' पुढचे तीन गेम आपण टेनिस खेळतच नाही, त्या एका चेंडूवर मनातल्या मनात खटला चालवत राहतो. म्हणूनच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डेव्हिड व्हिटनी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेलं संशोधन प्रत्येक क्लबात माहीत असायला हवं. त्यांनी विम्बल्डनच्या हजारो पॉइंटांचं चित्रण तपासलं. पंचांच्या चुकांपैकी बहुतांश चुका एकाच दिशेच्या निघाल्या: आत पडलेला चेंडू त्यांना बाहेर दिसला होता. वेगाने सरकणारी वस्तू मेंदूला तिच्या खऱ्या जागेपेक्षा थोडी पुढे गेलेली भासते, म्हणून टप्पाही पुढे पडल्यासारखा वाटतो. आयुष्यभर हेच काम करणाऱ्या, लाइनवर नजर रोखून स्थिर बसलेल्या माणसांचं असं होत असेल, तर धावत बॅकहँड मारू पाहणाऱ्या आपल्या प्रतिस्पर्ध्याचं काय? लबाड माणसं असतात, नाही असं नाही. पण आपल्याला लबाडी वाटते त्यातली बरीचशी डोळ्यांची फसगत असते, आणि ती आपल्याही डोळ्यांची होते. मातीच्या कोर्टावर चेंडूचा ठसा राहतो खरा, पण नेमका ठसा कुठला यावरही वाद घालता येतोच.

राग एकीकडे, भीती दुसरीकडे. हात आखडण्यामागे बहुधा भीती असते. १९९३ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात याना नोव्होत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ ने पुढे होती, ५-१ पासून एका पॉइंटवर. तिथे तिची डबल फॉल्ट झाली, आणि पाठोपाठचे पाचही गेम गेले. बक्षीस समारंभात ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. पुढे १९९८ मध्ये तिने ती स्पर्धा जिंकली. हात त्या पातळीवरही आखडतो, हे लक्षात असलं तर आपण स्वतःला जरा कमी छळू.

मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांच्या संशोधनातून याचं एक कारण पुढे आलं. अंगवळणी पडलेली हालचाल दडपणाखाली आपण पुन्हा तुकड्या-तुकड्याने तपासू लागतो. जिना उतरताना प्रत्येक पावलाकडे लक्ष दिलं की पाय अडखळतो, तसा मग सर्व्हिसचा हात अडखळतो. कोपर कुठे आहे, मनगट कधी वळतं, हे प्रश्न सरावाच्या वेळचे आहेत, ५-४ वर विचारायचे नव्हेत. टिमोथी गॉलवे या प्रशिक्षकाने १९७४ च्या 'द इनर गेम ऑफ टेनिस' या पुस्तकात यावर साधा उपाय दिला. चेंडू जमिनीला लागला की मनात 'टप्पा' म्हणायचं, रॅकेटला लागला की 'फटका'. बस्, एवढंच. सतत सूचना देणाऱ्या मनाला निरुपद्रवी काम मिळतं, डोळे चेंडूवर राहतात आणि हात त्याला येतं ते करतो. करून पाहा. पहिल्या काही मिनिटांत शब्द चुकीच्या वेळी निघतात, आणि चेंडूकडे आपण एरवी किती कमी पाहतो ते तिथेच कळतं.

हरलेल्या पॉइंटबद्दल रॉजर फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलेला हिशेब मला फार आवडतो. एकेरीच्या १,५२६ सामन्यांपैकी जवळपास ८० टक्के त्याने जिंकले, पण पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के. आणि २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात जोकोविचपेक्षा जास्त, २१८ विरुद्ध २०४ पॉइंट जिंकून तो हरला. दर गेम शून्यापासून सुरू करणाऱ्या या खेळात प्रत्येक चुकीवर शोक करणं परवडत नाही.

डबल्समध्ये हा शोक दोघांचा होतो. डबल फॉल्टनंतर दर वेळी 'सॉरी, सॉरी' म्हणणारा जोडीदार खेळाची सगळी हवाच जड करून टाकतो. त्याहून वाईट म्हणजे काही न बोलता आकाशाकडे पाहणारा. सत्तरीचे काका आणि तिशीतला इंजिनिअर अशी जोडी असेल, तर इंजिनिअर काकांचे चेंडूही स्वतः धावून घेतो आणि काका चिडतात, 'अरे, माझा होता तो!' अशा वेळी दोन पॉइंटांच्या मध्ये जवळ येऊन पुढची सर्व्हिस कुठे टाकायची एवढंच ठरवावं. झालेल्या चुकीवर बोलूच नये.

जोडीदार आणि प्रतिस्पर्धी सांभाळून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. कोपनहेगनमधल्या रहिवाशांच्या दीर्घकालीन पाहणीवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बैठं आयुष्य जगणाऱ्यांच्या तुलनेत जॉगिंग करणाऱ्यांचं अपेक्षित आयुर्मान ३.२ वर्षांनी जास्त आढळलं, टेनिस खेळणाऱ्यांचं ९.७ वर्षांनी. टेनिसमुळेच आयुष्य वाढतं असं यातून सिद्ध होत नाही, हे संशोधकांनी स्वतःच बजावलं आहे. टेनिस खेळणारे मुळात अधिक सुस्थितीतले असू शकतात. पण माणसांच्या सोबतीने खेळले जाणारे खेळ यादीत वर आहेत, याकडेही त्यांनी लक्ष वेधलं. जॉगिंग एकट्याने करता येतं. टेनिसला पलीकडे कुणीतरी लागतंच, आणि बहुतेकांना तो 'कुणीतरी' वर्षानुवर्षं त्याच चार-सहा जणांमधून मिळतो. एका लाइन-कॉलवरून अशी चौकडी मोडलेली मी पाहिली आहे. शंका आली तर एकदाच, आवाज न चढवता विचारावं, 'नक्की बाहेर होता ना?' उत्तर काहीही आलं तरी स्कोअर मोठ्याने सांगावा आणि सर्व्हिस करावी.