गेम महागले की स्वस्त झाले?

आजचा विषय आमच्या जयपूरच्या घरातलाच. नातवाला प्लेस्टेशन-फाइव्हचा एक गेम हवा होता. किंमत 4,999 रुपये! मी ताडकन ‘नाही’ म्हणालो. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

1990 मध्ये अमेरिकेत निन्टेन्डोचं नवं कार्ट्रिज साधारण 50 डॉलरला मिळे. डॉलर तेव्हा सुमारे साडेसतरा रुपयांना, म्हणजे 875 रुपये झाले. त्या वेळी फौजेत नव्या सेकंड लेफ्टनंटचं मूळ वेतन 2,300 रुपये होतं. एका गेममध्ये एक तृतीयांशाहून जास्त पगार गेला असता. आज लेफ्टनंटचं मूळ वेतन 56,100 पासून सुरू होतं. त्यात असे अकरा गेम येतात.

म्हणजे पगाराच्या मापाने गेम स्वस्तच झाले. पण सगळ्यांचे पगार काही असे वाढले नाहीत. शिवाय कार्ट्रिज मित्राला देता यायचं, विकता यायचं. डाउनलोड केलेला गेम खात्यालाच बांधलेला. आणि ‘फुकट’ गेम तर आत शिरल्यावर हळूहळू खिसा कापतात.

दुसरी बाजूही बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ आणला. त्यातल्या महालांवर आमच्या राजस्थानची छाप आहे. 2017 मध्ये त्यासाठी मागितलेली लोकवर्गणी पुरेशी जमली नव्हती, तरी ते थांबले नाहीत. अशा मेहनतीचे दाम द्यायलाच हवेत.

म्हणून नातवाला सांगितलं, वाढदिवसाला एक पूर्ण गेम घेऊ. पण ‘फुकट’ गेममध्ये एक रुपयाही घालायचा नाही. तह मान्य झाला.

जय हिंद.