जळगांवची बस उत्तर समुद्रांत

गेल्या चातुर्मासांत आमच्या जळगांवच्या घरांत एक लहानसा खटला उभा राहिला. दहावींत शिकणारा आमचा नातू दिवेलागणीनंतरहि संगणकावर विमान उडवीत बसतो, अशी फिर्याद सूनबाईंनीं मांडली. "मामंजी, आतां तुम्हीच त्याला सांगा," असें त्या म्हणाल्या. आम्हीं पस्तीस वर्षें मास्तरकी केली; बाजू ऐकण्यापूर्वींच निकाल देण्याची संवय निवृत्तीनंतरहि सुटलेली नाहीं. परीक्षा होईपर्यंत यंत्र कपाटांत, असा हुकूम आम्हीं सोडला. नातू रडला नाहीं कीं भांडला नाहीं. "आजोबा, एकदां पाहा आणि मग कुलूप लावा," एवढेंच तो म्हणाला.

पाहतों तों पडद्यावर विमान नव्हतेंच. होत्या केवळ अक्षरांच्या व आंकड्यांच्या ओळी. या खेळाचें नांव फ्लाइटगिअर. १९९७ पासून देशोदेशींच्या स्वयंसेवकांनीं वाढवीत आणलेला हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो, आणि त्याचें अंतरंग कोणासहि उघडून पाहतां येतें. त्यांत साऱ्या पृथ्वीची भूमि रेखाटलेली असल्यामुळें, २०१२ सालीं राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांच्या हस्तें उघडलेल्या आमच्या जळगांवच्या विमानतळावरूनहि उड्डाण करतां येतें. परंतु धुळ्याची आत्या ज्या रस्त्यानें येते त्या रस्त्यावर आत्याची बस विमानांतून दिसावी, अशी नातवाची हौस होती. ती तयार मिळत नाहीं. स्वतः लिहावी लागते.

तिची रीत अशी. एका फाइलींत प्रसंग लिहावयाचा: वाहन कोणत्या जातीचें, त्याची आकृति कोणती, आणि त्याचा मार्ग कोणत्या फाइलींत आहे. दुसऱ्या फाइलींत मार्गाचे बिंदु क्रमानें द्यावयाचे. प्रत्येकाचें नांव, अक्षांश, रेखांश आणि वेग. उघडलेली प्रत्येक खूण मिटवावी लागते. एक मिटवावयाची राहिली कीं सारी फाईल नापास! श्लोकांतील एक मात्रा गळली तर वृत्त मोडतें, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून आम्हांस तो लवकर उमजला.

नातवानें सर्व खुणा मिटविल्या होत्या, तरी दोन संध्याकाळ शोधूनहि बस कोठें दिसेना. आम्हीं चष्मा लावून आंकडे वाचले. जळगांव सुमारें २१ अंश उत्तर अक्षांशावर व साडेपंचाहत्तर अंश पूर्व रेखांशावर आहे. मुलानें अक्षांशाच्या जागीं रेखांश आणि रेखांशाच्या जागीं अक्षांश लिहिला होता. शाळेचा जुना नकाशासंग्रह काढून तें स्थळ शोधलें, तों बोट टेकलें नॉर्वेच्याहि उत्तरेस, बेअर बेटापलीकडच्या समुद्रांत! आत्याची बस तेथें गेली हें ऐकून फिर्यादी सूनबाईहि हसल्या.

पुढची चूक अधिक शिकविणारी होती. धुळ्याचा अक्षांश २० अंश ५४ कला. मुलानें तो २०.५४ असा लिहिला. परंतु अंशाच्या साठ कला होतात, शंभर नव्हेत. ५४ कला म्हणजे दशांशांत ०.९०. या एका चुकीनें बस सुमारें चाळीस किलोमीटर दक्षिणेस, मालेगांवच्या बाजूस उतरली असती. वेगाचेंहि तेंच. येथें वेग नॉट या मापांत लागतो, आणि एक नॉट म्हणजे ताशीं १.८५२ किलोमीटर. साठ हा आंकडा घातला कीं बस ताशीं १११ किलोमीटरनें धांवणार. साठ किलोमीटर हवे असतील तर साडेबत्तीसच्या आंत लिहावें लागतें.

शेवटीं मार्ग. दोन बिंदूंमध्यें वाहन सरळ रेषेंत जातें. जळगांव व धुळें एवढेच बिंदु दिले, तर बस केळीच्या बागा व कपाशीचीं शेतें तुडवीत, पूल सोडून गिरणेच्या पात्रांतून जाईल. म्हणून बांभोरीच्या पुलाचीं दोन टोकें, मग पाळधी, एरंडोल, पारोळें, आणि मधलें प्रत्येक वळण नकाशावरून मोजून लिहावें लागलें. अक्षांशाच्या दशांशांतील तिसरा आंकडा एकानें चुकला तर शंभराहून अधिक मीटरांचा फरक पडतो. चौथा चुकला तर अकराएक मीटरांचा. रस्त्यावर राहावयाचें तर चौथा सांभाळलाच पाहिजे.

हें करतांना आम्हीं त्यास पोथी शुद्ध करणाराची शिस्त लावून दिली. मूळ प्रत न बिघडवितां वेगळ्या नांवानें नक्कल करावी. एका वेळीं एकच बदल करावा. तो वहींत टिपावा. मग चालवून पाहावें. कार्यक्रमाची नवी आवृत्ति बसवितांना मूळ फाइली बदलल्या जातात, त्या वेळीं ही वेगळी नक्कल उपयोगी पडते.

आमचा हुकूम आम्हीं मागें घेतला, तथापि पूर्ण नव्हे. अभ्यास झाल्यावर एक तास, आणि तोहि आमच्या शेजारीं बसून, असा ठराव झाला. परीक्षेचा निकाल अद्याप लागावयाचा आहे, तेव्हां यशाची बढाई आम्ही मारीत नाहीं. पण ज्या मुलास द्वारपालाची नव्हे तर शिक्षकाची गरज होती, त्याच्यापुढें आम्ही कुलूप घेऊन उभे राहिलों होतों, हें येथें कबूल करणें भाग आहे.

याच जिल्ह्यांत, चाळीसगांवजवळ पाटण येथें इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनीं मठ स्थापिल्याची हकीकत त्यांत कोरलेली आहे. आजोबांची विद्या नातवानें राखिली. आमच्याजवळ तेवढी विद्या नाहीं. पण नातवाची नवी विद्या आजोबांनीं निदान समजून घ्यावी, एवढें तर आमच्या हातीं आहे. ज्या घरांत असा खटला चालूं असेल, तेथील वडील मंडळींनीं निकाल देण्यापूर्वीं एक संध्याकाळ मुलाच्या शेजारीं बसून पाहावें, अशी आमची विनंती आहे.