उसण, पायाळू आणि मणक्याचा झटका

तुरीच्या काढणीत दिवसभर वाकून राहिलेला माणूस सायंकाळी ताठ होऊ पाहतो आणि कमरेत एकाएकी चमक भरते. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सरहद्दीवरील औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मराठी घरांतही तिला उसणच म्हणतात. मराठी मुलखात तिच्यावरचा जुना इलाज ठरलेला आहे. जन्मताना ज्याचे पाय प्रथम बाहेर आले अशा पायाळू माणसाने दुखऱ्या जागी पाय लावावा किंवा हलका झटका द्यावा. त्याने गुण आल्याचे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु साधी उसण बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआपच ओसरते. श्रेय मात्र पायाळूच्या पदरी पडते.

झटक्याचे शास्त्र करण्याचा प्रयत्न अमेरिकेतही झाला. 1895 साली डॅव्हनपोर्ट शहरी डॅनियल डेव्हिड पामर यांनी एका बहिऱ्या माणसाच्या मणक्यावर दाब दिला आणि त्यास ऐकू येऊ लागल्याचे जाहीर केले. तेथून कायरोप्रॅक्टिक ही उपचारपद्धती निघाली. मणका सरकल्याने बहुतेक रोग होतात, हे पामरांचे मत पुढे टिकले नाही. हाताने सांधे हलविण्याचे तंत्र मात्र टिकले आणि त्याला अनेक फाटे फुटले.

सर्वांत रूढ असलेल्या ‘डायव्हर्सिफाइड’ पद्धतीत रोग्यास कुशीवर निजवून सांधा ताणतात आणि हाताने वेगवान, पण अगदी आखूड झटका देतात. गॉन्स्टेड पद्धतीत क्ष-किरण चित्रे व तपासणी यांवरून नेमका एक सांधा निवडतात. थॉम्प्सन पद्धतीच्या मेजाचा एक भाग झटक्यासरशी किंचित खाली पडतो, त्यामुळे कमी जोर पुरतो. ‘ॲक्टिव्हेटर’ हे स्प्रिंगचे छोटे हत्यार असून त्याची बारीक टिचकी मणक्यास बसते. कॉक्स पद्धतीत तर झटकाच नाही. दुभंगी मेजावर कंबर सावकाश वाकवून ताणतात.

रोग्याचा विश्वास बसतो तो ‘कट्’ अशा आवाजावर. हाड जागेवर बसले, असे त्यास वाटते. वस्तुतः सांध्यातील द्रवात ताणामुळे वायूची पोकळी निर्माण होते, त्याचा तो आवाज. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात 2015 साली बोटांच्या सांध्यांची चुंबकीय चित्रे घेऊन हे पाहण्यात आले. आवाज मोठा म्हणून गुण अधिक, असे मात्र नाही.

मग सरस पद्धत कोणती? 2015 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, 107 रोग्यांवरील एका तुलनेत कंबरदुखीस हाताच्या झटक्याने चार आठवड्यांत ॲक्टिव्हेटरपेक्षा अधिक उतार पडला. तीन व सहा महिन्यांनी फरक उरला नाही. जुनाट कंबरदुखीवरील 47 चाचण्यांच्या 2019 मधील आढाव्यातही झटक्याचा गुण व्यायामादी मान्य उपचारांइतकाच आढळला. तेव्हा पद्धतीच्या नावापेक्षा, हा रोगी झटका देण्याजोगा आहे काय, हा प्रश्न मोठा.

येथेच खरा धोका आहे. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मिळ नाही. पाठदुखीबरोबर बारीक ताप आणि वजनात घट असेल, तर तो मणका आतून पोखरलेला असू शकतो. वयस्क स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असतात. अशा पाठीवर पायाळूचा पाय काय किंवा शिकलेल्या माणसाचा हात काय, दोन्ही घातकच. केस कापून झाल्यावर नाव्ह्याकडून मान कडकन मोडवून घेण्याची हौस तर सोडलेलीच बरी. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्यात क्वचित फाटते आणि पक्षाघात होतो.

उसण भरल्यास अंथरुणाला खिळून न राहता बेताने हिंडावे, शेक घ्यावा. पण पाय लुळा पडू लागला, मांड्यांमधील जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर कोणाकडूनही झटका घेऊ नये. बीदर व कलबुर्गी या दोन्ही शहरी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. त्यांपैकी जवळचे त्याच दिवशी गाठावे, रात्र झाली तरी.